बत्तीस दातांचा भोपळा

बत्तिशीनं नोकरी सोडली तेव्हा तिच्या बापानं कपाळावर हात मारला. नोकरी बापाच्याच कारखान्यातली. तिथं कवळ्या बनत. चित्रकला शिकून आलेल्या पोरीला त्यानं मेणात दात बसवायला लावलं, आणि ती ते इतकं झकास करायची की सगळा कारखाना तिला बत्तिशीच म्हणू लागला. मग एका रिकाम्या दुपारी तिनं मेण कोरायच्या हत्यारानं घरातल्या भोपळ्यावर बापाचं नाक कोरलं. नाक हुबेहूब आलं आणि पोरगी कामातून गेली.

भोपळा आरपार कापण्यात तिला गोडी नव्हती. साल सोलायची, गर कुठं जाड ठेवायचा, कुठं पातळ. आत दिवा लावला की पातळ गाल उजळायचे, जाड भुवया काळ्या राहायच्या. वेड लागायला एवढं पुरलं.

"लोक विचारतील, मुलगी काय करते. काय सांगू? भोपळे?"

"सांगा ना, भोपळे."

"एक गिऱ्हाईक, एकच, दुसऱ्यांदा येऊ दे तुझ्याकडे. मग मी चकार शब्द काढणार नाही. नाहीतर गुपचूप येऊन दात बसवायचे."

फुशारकीत ती हो म्हणून बसली. लोक भोपळ्यावर चेहरा कोरून घ्यायला यायचे, एकदा हसायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत.

अशात एक आजी आल्या. नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं, घरचे सगळे जेवायला जमणार होते, आणि टेबलावर त्याचा चेहरा हवा होता. तोही त्यानंच लावलेल्या वेलाच्या भोपळ्यावर. आजींनी फोटो दिला. म्हाताऱ्याचं तोंड मिटलेलं, ओठ आत गेलेले. असल्या तोंडाचं काय करायचं हे बत्तिशीच्या हातांना डोक्याआधी कळायचं. तिनं म्हाताऱ्याला दिलखुलास हसवलं आणि वरखाली झकास दात बसवले. स्वतःवरच खूश झाली.

जेवणाच्या संध्याकाळी दिवा लागला. सगळे वाकून बघू लागले.

"हे कोण?" थोरल्या मुलानं विचारलं.

"दातांच्या डॉक्टरची जाहिरात दिसतेय," आजी म्हणाल्या. "अगं, यांच्या तोंडात एक दात नव्हता! कवळी घ्या म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटपर्यंत घेतली नाही. आणि तू परस्पर बसवलीस होय?"

सगळे पोट धरून हसले. बत्तिशीला कुठं तोंड लपवू असं झालं. घरी येऊन तिनं कारखान्यातला एप्रन धुवून वाळत घातला. बाप नुसता शीळ घालत राहिला. त्या शिळेचा तिला भयंकर संताप आला.

चार दिवसांनी आजींचा फोन आला.

"पोरी, भोपळा सुकला गं."

"टाकून द्या, आजी. चुकलंच माझं."

"गप. गाल बसलेत, दात सगळे आत वळलेत. सकाळी चहा घेऊन गेले, तर समोर हे! अगदी हेच. वर्षानं दिसले गं मला."

बत्तिशीला रडूच फुटलं.

"पुढच्या वर्षी परत करशील ना? फक्त चार दिवस आधी आणून दे."

दुसऱ्यांदा! बत्तिशीनं नाक पुसलं. "आणि दात? ठेवू की नको?"

"ठेव, ठेव. जन्मभर माझं ऐकलं नाही त्यांनी. आता दरवर्षी चार दिवस तरी कवळी घालू देत."