जळकी काडी

शेजारच्या मालूताई घरात लायटर असूनही गॅस काडेपेटीनेच पेटवतात. यजमान गेल्यापासून त्यांचं घर चालतं ते काडेपेट्या करणाऱ्या एका कंपनीच्या शेअर्सवर. काड्यांचा खप घटतोय, शेअरचा भाव कधीचा झोपलाय. पण डिव्हिडंड दरवर्षी न चुकता येतो.

काल मी चहाला गेले, तेव्हा त्यांचा भाचा कळवळून सांगत होता, "मावशी, विकून टाक. धंदा संपत आलाय तो."

"म्हणून तर देतात रे. नवे कारखाने काढायचे नाहीत, मग आलेला पैसा वाटतात."

"आणि तुझ्याआधी कंपनीच संपली तर?"

मालूताईंनी ओट्यावरच्या वाटीतून एक जळकी काडी उचलली, दुधाखालच्या ज्योतीला लावली आणि तिच्यावर चहाची शेगडी पेटवली.

मी बघतच राहिले. वाढणाऱ्या गोष्टींचंच कौतुक करत आले होते मी आजवर. जिचं डोकं कधीच जळून गेलंय, ती काडीही इकडचा विस्तव तिकडे नेते, हे इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं.

आच बोटांशी आली, तशी त्यांनी काडी फुंकली. उरलेला तुकडा निरखला आणि पुन्हा वाटीत ठेवला.