लिबी कुचेराची पाठमोरी साक्ष

डॅनब्रूक गावची माणसं लिबी कुचेराला मागून ठाऊक आहेत. मान, कानामागची जागा, टाळूवरचा भोवरा, टक्कल कुठून सुरू झालं आणि ते झाकायला भांग कुठून कुठे सरकला, हे ती झोपेतसुद्धा सांगेल. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसते. प्रार्थना संपेपर्यंत कोण आलं, कोण नाही आणि कुणी गुपचूप ओमाहाला जाऊन केस कापून घेतले, याची हजेरी तिच्या मनात पुरी झालेली असते.

घोटाळा होतो तो माणसं वळली की. समोरून आलेल्याला ती हसून "कसं काय?" म्हणते आणि तो पुढे गेला की थांबून मागे बघते, म्हणजे कोण होतं ते कळावं. गावाला याची सवय झाली आहे. बँकेचा मॅनेजर तर तिला पाहिलं की आधी पाठ फिरवतो आणि मग हॅलो म्हणतो.

यात नवल काही नाही. तिशीच्याही आधीपासून ती लोकांच्या मागे उभी राहून बोलत आली आहे. गिऱ्हाईक खुर्चीत, लिबी खुर्चीमागे, हातात कंगवा, आणि गप्पा समोरच्या डोक्याशी. हात चालले की तोंड चालतं. हात थांबले की तोंडही थांबतं. घरी जेवताना ती मुकी असते. तिचा नवरा रूडी धान्याच्या कोठारावर काम करतो. त्याला बायकोशी महत्त्वाचं काही बोलायचं असलं तर तो तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसतो आणि खांद्यावरून कंगवा मागे देतो. त्यांच्या घराचं कर्ज, मुलीचं लग्न, सगळं असंच ठरलं.

दुकानातल्या आरशावर तिचा परवाना चौकटीत टांगलेला आहे. शेजारी बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडर दर वर्षी बदलतं, परवाना तोच. त्यासाठी ती केस कापायला शिकवणाऱ्या शाळेत गेली होती. तिथे पहिले कित्येक आठवडे कात्रीला हात लावू दिला नव्हता. नुसते कंगवे धुवायला आणि जंतू मारणाऱ्या निळ्या औषधात बुडवायला लावले होते. तेव्हा तिने मास्तरणीला मनात पुष्कळ शिव्या घातल्या. आता तोंडाने त्या परवान्याच्या इन्स्पेक्टरला घालते.

इन्स्पेक्टर म्हणजे मिस्टर फायफर. न सांगता येतो, टॉर्च लावून खणांच्या तळाशी बघतो आणि ब्रशात राहिलेला एखादा केस चिमट्याने उचलून तिच्या नाकासमोर धरतो. लिबी त्याला उंदीर म्हणते, तोंडावर. त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही आणि कधी सूटही दिली नाही.

जानेवारीत बातमी आली की राज्याच्या राजधानीत, लिंकनला, होल्मबर्ग नावाचा कुणी सिनेटर एक विधेयक मांडणार आहे. केस कापायला, रंगवायला, दाढी करायला यापुढे परवाना लागणार नाही. ज्याच्याकडे कात्री आहे त्याने पाटी लावावी. शाळा नको, परीक्षा नको, इन्स्पेक्टर नको.

दर मंगळवारी केस सेट करायला येणाऱ्या व्हर्ना श्लेगेलने ड्रायरखालूनच ओरडून अभिनंदन केलं. "लिबी! सुटलीस गं! उंदीर गेला तुझा!"

लिबीने ड्रायर बंद केला. "गेला म्हणजे काय? माझा उंदीर आहे तो. त्याला शिव्या द्यायच्या तर मी देईन."

"पण तूच म्हणायचीस ना, तो छळतो म्हणून?"

"छळतो. म्हणून तर तू इथे डोकं निर्धास्त टेकून बसतेस. उद्या पेट्रोल पंपावरचा तो ड्वेन पर्मचं औषध लावायला लागला तर तुझ्या डोक्यावर टोपी घालायलाही केस राहणार नाहीत." ड्रायर परत सुरू झाला.

विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला समितीने सुनावणी ठेवली होती. त्या दिवशी रस्त्यावर बर्फ होता आणि रूडीच्या गाडीचे टायर गुळगुळीत. लिंकनला निघालेली दुसरी गाडी गावात एकच होती, ती ऑर्व्हल लिंडक्विस्टची. ऑर्व्हल म्हणजे रस्त्यापलीकडचा न्हावी, सत्तरी ओलांडलेला. त्याचं आणि लिबीचं बोलणं नव्हतं. एकदा तिने हौसेने दुकानाबाहेर लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा फिरता खांब लावला होता. तो खांब फक्त न्हाव्याचा वेगळा परवाना असणाऱ्यांनी लावायचा, असा नियम दाखवून ऑर्व्हलने तक्रार केली आणि मिस्टर फायफरने येऊन खांब उतरवला. आता दोघांचाही परवाना एकाच विधेयकाने जाणार होता, म्हणून दोघं एका पिकअपमध्ये बसली.

वाटेतलं यॉर्क मागे पडेपर्यंत कुणी बोललं नाही.

"हीटर वाढवू?" ऑर्व्हलने विचारलं.

"खांब कुठेय माझा?" लिबी म्हणाली.

"तो मी नाही नेला. फायफरने नेला."

"मग वाढव."

विधानभवनाच्या कँटीनमध्ये तिने चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल घेतला आणि एका टेबलावर जागा बघून बसली. समोर चाळिशीतला, टाय लावलेला एक माणूस तेच खात होता. त्याने विचारलं, "सुनावणीला आलात?"

समोरच्या माणसाशी तिला बोलणं सुचत नाही. पण त्या दिवशी हातात रोल होता. ती त्याचे पदर एकेक करून सोडवू लागली, आणि हात चालल्यावर तोंड सुटलं.

"त्या होल्मबर्गच्या विधेयकाला विरोध करायला आले. तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडंफार."

"कसा आहे?"

"म्हणजे... प्रयत्न करतो बिचारा."

"प्रयत्न? अहो, त्या माणसाचे केस आजवर आपोआप गळून पडले असतील. दुसऱ्याच्या डोक्यावर कात्री चालवणं म्हणजे त्याला लॉनवर यंत्र फिरवणं वाटतं का?" अशी तिने होल्मबर्गची रोल संपेपर्यंत बिनपाण्याने हजामत केली. माणूस शांतपणे ऐकत होता, मधूनमधून रुमालाने तोंड पुसत होता. ते हसू पुसण्यासाठी होतं, हे तिला नंतर कळलं. उठताना तो म्हणाला, "तुम्ही हे आत नक्की बोला." ट्रे दोन्ही हातांत धरून तो तिच्या पाठीमागच्या दाराने गेला. मागे वळून बघायची तिची नेहमीची सवय, पण नेमका तेव्हाच ऑर्व्हल कॉफी सांडत आला.

सुनावणीची खोली भरली होती. समितीच्या अध्यक्षबाईंनी विधेयक मांडायला सिनेटरना बोलावलं. सिनेटर साक्षीदाराच्या टेबलाशी, लोकांकडे पाठ करून बसले, आणि लिबीने ऑर्व्हलच्या दंडाला चिमटा काढला.

"काय झालं?"

"दोन भोवरे."

"कुणाला?"

"हा ट्रेंट आहे. आपल्याच गावातल्या होल्मबर्गांचा धाकटा. पिठाच्या गिरणीमागे राहायचे ते. चौदा वर्षांचा होईपर्यंत याचे केस मी कापले रे! डावा भोवरा सरळ, उजवा उलटा." मग तो कागद घ्यायला किंचित वळला आणि तिला कँटीनमधल्या माणसाचाच टाय दिसला. "अरे देवा. मी याच्यासमोर बसून रोल खाल्ला."

ट्रेंट होल्मबर्गने विधेयक चांगलं मांडलं. त्याच्या भागात एक बाई होती, तीन मुलांची आई. घरी सगळ्यांचे केस उत्तम कापायची. दुकान टाकायचं तर शाळेची फी तिच्या आवाक्याबाहेर. सरकारने तिच्या वाटेत का उभं राहावं? लोकांनी माना डोलावल्या. व्हर्ना असती तर तिनेही डोलावली असती. मग तो वर जाऊन समितीतल्या आपल्या खुर्चीत बसला.

लिबीचा पुकारा झाला. तिने नाव सांगितलं. टेबलावरचा हिरवा दिवा लागला. बोलायला तीन मिनिटं.

समोर सात चेहरे होते. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि एकाचीही मान दिसत नव्हती. लिबीने तोंड उघडलं. मिटलं. दोन्ही हात टेबलावर ठेवले, ते तिथे मेलेल्या माशांसारखे पडून राहिले.

"सावकाश, मिसेस कुचेरा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

लिबी मागे वळली. "ऑर्व्हल, इकडे ये."

"माझी पाळी नाही अजून."

"पाळी नकोय. डोकं हवंय."

ऑर्व्हल आला. तिने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभी राहिली आणि पर्समधून कंगवा काढला. समितीच्या कारकुनाने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं चाळली आणि खांदे उडवले.

कंगवा ऑर्व्हलच्या केसांत शिरला.

"मागचं कोण कापतं रे तुझं?"

"मीच," ऑर्व्हल माइकमध्ये म्हणाला.

"दिसतंय." खोलीत खसखस पिकली. लिबीच्या ती गावीही नव्हती. ती आता दुकानात होती. "तर मी काय सांगत होते, ऑर्व्हल. हे लोक म्हणतात, केस काय कुणीही कापावेत. कापावेत ना! रूडीचे त्याची आई कापायची, पातेलं ठेवून. पण ते एक डोकं होतं. माझ्या खुर्चीत दिवसभर एकामागून एक डोकी येतात, आणि कंगवा तोच असतो. मान खाली कर. एकदा काय झालं, शाळेत दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे होते. एक पोरगं आलं. नाव सांगणार नाही, खुर्चीतलं खुर्चीत राहतं. कंगवा घातला आणि बघते तर काय, अख्खी वस्ती. आजोबा-पणजोबांसकट."

"उवा?" ऑर्व्हलने विचारलं, पुन्हा माइकमध्ये.

"मी शब्द काढला नव्हता. तूच काढलास."

समितीतले सातही जण डोकं खाजवू लागले. अध्यक्षबाईंनी पेन्सिलीने, बाकीच्यांनी बोटांनी. सिनेटर होल्मबर्गचा हात उजव्या कानामागे गेला आणि तिथेच राहिला.

"नंतरची पाळी पाद्रीबाईंची होती. तोच कंगवा त्यांच्या डोक्यात गेला असता, तर रविवारपर्यंत सगळं चर्च खाजवत बसलं असतं. मी काय केलं? ओरडले नाही. ड्रायर बिघडला म्हणून पाटी लावली, दुकान बंद केलं, सगळं औषधात बुडवलं आणि त्या पोराला मागच्या बेसिनवर नेऊन डोकं साफ केलं. त्याच्या आईला हळूच सांगितलं, उशा उकळून घे. फोटो छान आला त्याचा. गावाला आजवर पत्ता नाही. हे काय मी आईच्या पोटातून शिकून आले? शाळेत शिकवलं, आणि शिकवलेलं विसरू नये म्हणून तो उंदीर येतो दर वर्षी."

पिवळा दिवा लागला. सिनेटर होल्मबर्ग माइककडे वाकला. "मिसेस कुचेरा, हे सगळं कबूल. पण त्या तीन मुलांच्या आईने फी आणावी कुठून?"

लिबीने वर पाहिलं नाही. "तो बरोबर बोलतोय, ऑर्व्हल. शाळा महाग आहे. लांबलचकही आहे. मग स्वस्त करा, आखूड करा. केस वाढले म्हणून कुणी डोकं उडवत नाही."

लाल दिवा लागला.

"वेळ संपला, मिसेस कुचेरा."

"अजून डावी बाजू राहिलीय."

"नियम आहे."

"अशा अवस्थेत बाहेर पाठवू याला?"

अध्यक्षबाईंनी ऑर्व्हलकडे नीट पाहिलं. एक बाजू चापूनचोपून बसलेली, दुसरी वादळातून आल्यासारखी. "पूर्ण करा," त्या म्हणाल्या.

पुढे ऑर्व्हलची पाळी आली तेव्हा तो तिथेच बसलेला होता. त्याची साक्ष विक्रमी आखूड झाली. "ती म्हणाली तेच. फक्त खांबाबद्दल माझं मत कायम आहे."

बाहेर कॉरिडॉरमध्ये टाय लावलेला एक माणूस तिच्यासमोर आला. या वेळी लिबीने टाय लक्षात ठेवला होता.

"मिसेस कुचेरा, तो फोटो आईने अजून दिवाणखान्यात लावलाय."

"कुठला फोटो? मी कुणाचं नाव घेतलं?"

"नाही घेतलंत. आणि कँटीनमध्ये मीही माझं नाव सांगायला हवं होतं."

"हवंच होतं." तिने बोटाने गोल खूण केली. "वळ बघू."

सिनेटर वळला. येणारेजाणारे थांबून बघू लागले.

"उजव्या भोवऱ्यावर कोण कात्री चालवतं रे तुझ्या? उलटं कापतोय. ये कधी गावाकडे."

विधेयक समितीतच पडून राहिलं. त्या अधिवेशनात कुणी ते बाहेर काढलं नाही, खुद्द होल्मबर्गनेही नाही. लिबीच्या मते हा तिचा विजय होता. ऑर्व्हलच्या मते समितीला वेळ पुरला नव्हता, एवढंच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागेल. हे त्याने तिच्या दुकानात येऊन, खुर्चीत बसून सांगितलं. मागची बाजू आता तीच कापते.

तो बसलेला असतानाच दार उघडलं आणि मिस्टर फायफर आत आले. लिबीचा चेहरा उजळला.

"या, या! तुमची नोकरी वाचवून आलेय मी."

"पाहिलं," मिस्टर फायफर म्हणाले. "कामकाज ऑनलाइन दाखवतात. तुम्ही पर्समधून कंगवा काढलात."

"मग?"

"पर्समधून. औषधात न बुडवलेला. आणि एका माणसाच्या डोक्यात घातलात."

"ते काय दुकान होतं?"

"नव्हतं. दुकानाबाहेर काम करण्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती घेतली होतीत?"

ऑर्व्हल खुर्चीत हलू लागला. लिबीने पाहिलं, तो हसत होता, मानेवरून कळतं.

अर्धा तास ती भांडली. उंदीर म्हणाली, कृतघ्न म्हणाली, ऑर्व्हल हा माणूसच नव्हे, मग त्याच्या डोक्याला नियम लागू कसा, असाही मुद्दा काढून पाहिला. मिस्टर फायफर तोवर टॉर्च लावून खण बघत होते. शेवटी त्यांनी लेखी ताकीद टेबलावर ठेवली आणि ते टोपी घालायला लागले.

"थांबा," लिबी म्हणाली. त्यांनी पाठ फिरवली होती, आणि त्यांची मान तिने इतक्या वर्षांत प्रथमच नीट पाहिली. "कॉलरवर केस आलेत तुमचे. बसा. ऑर्व्हल, ऊठ."

तिने नवा कंगवा घेतला, निळ्या औषधात बुडवला आणि मिस्टर फायफरना कंगवा आणि घड्याळ दोन्ही दिसतील असं भांडं समोर धरून, नियमाला लागेल तेवढा सगळा वेळ तो तसाच बुडवून ठेवला.