मुळा, मेथी आणि दुपारचा नाला

मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. आता शारजात हमरिया फ्री झोनमध्ये सेफ्टी बघतो. परवा दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये मराठी मंडळींच्या जेवणात मला म्हणाले, "साहेब, फौजेतलं काहीतरी इन्स्पायरिंग सांगा." मी हे सांगितलं.

लडाखमध्ये आमची कंपनी होती. उन्हाळा जेमतेम तीन महिने, त्यातही पहाटे माती गोठलेली. बाकी वर्षभर डब्यातली भाजी. डबा उघडला की आधी पत्र्याचा वास यायचा.

नाईक दत्तू शेळके जुन्नरकडचा. त्याने कमरेइतका खड्डा खणला, वर प्लास्टिक ताणलं. कडेला पाण्याने भरलेले जेरीकॅन लावले. दिवसा तापलेलं पाणी रात्री ऊब द्यायचं. खेचरांची लीद घालून त्याने मेथी, पालक, मुळा उगवला. पहिली तोड फॉरवर्ड पोस्टसाठी होती. ताजी भाजी न मिळाल्याने तिथल्या दोघांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

भाजी पोचवणारी जवानांची पार्टी, दत्तूसह, सकाळीच निघणार होती. वाटेतला नाला दुपारी चढतो, कारण वरचं बर्फ वितळतं. तेवढ्यात हेडक्वार्टरचा रेडिओ आला.

"व्हिजिटर्स येतायत. शेळकेला थांबवा. भाज्यांसोबत फोटो हवाय. ओव्हर."

"सर, नाला चढेल. ओव्हर."

"थांबवा म्हटलं ना. आउट."

पाहुणे उशिरा आले. खड्ड्यात वाकून एकाने नाकाला रुमाल लावला. फोटो झाला. पोस्टसाठी तोडलेली भाजी त्यांच्या टेबलावर गेली. त्यांनी मुळ्याचे दोन तुकडे चाखले. एकाने मेथीतच सिगारेट विझवली. ताट उचलायला दत्तूच होता. ताट ठेवून तो खड्ड्यात उतरला आणि उरलेली कोवळी भाजी तोडून पिशवीत भरली.

मी पार्टी उद्यावर ढकलायची परवानगी मागितली. उत्तर आलं, "प्रोग्राम बदलणार नाही."

दुपारी चढलेल्या नाल्यावर दोर बांधून तिघे पार गेले. चौथा दत्तू. पायाखालचा दगड सरकला, हातातला दोर सुटला.

पार्टीचा रेडिओ आला, "एक जण वाहून गेला. शेळके. ओव्हर."

संध्याकाळी तो खालच्या वळणावर सापडला. पिशवी पाठीला घट्ट बांधलेली होती.

तो फोटो पुढे ऑफिसच्या भिंतीवर लागला. मध्ये पाहुणे, हातात मुळे. कडेला दत्तूचं फक्त कोपर दिसतं. मला त्या फोटोची किळस येते. तो लावणाऱ्यांचीही.

दत्तू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी उतरलेलं असताना, मी स्वतः पार्टी घेऊन ती पिशवी पोस्टवर पोचवली. पोरं भाजीला हात लावेनात.

मी म्हणालो, "खा. त्याने तुमच्यासाठी लावली होती."

त्यांनी धुतली, शिजवली, वाटून घेतली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एकाने न सांगता आठवं ताट वाढलं. आम्ही सात जण होतो.