मावशीच्या मोहाखाली लागलेली आग

मशीनवर ब्लाउजची बाही लावत होते, तेव्हा मावसभावाचा फोन आला. "ताई, आई गेली." सुरतेतल्या आमच्या खोलीत दुपारचं ऊन फरशीपर्यंत आलं होतं, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "डोंगर पेटला का रे?" तो म्हणाला, "नाही वं ताई... दम लागत होता ना तिले." त्याला दीड महिना झाला. आठवीतून शाळा सुटलेली बाई मी, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण कौसल्यामावशीबद्दल एक गोष्ट खोटी राहून गेली आहे, ती खरी करायची आहे.

चांदूर बाजारच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याला तिचं गाव. आई वारल्यावर तिनंच मला नेलं. ती जंगलात जाळरेषेवर रोजंदारी करायची. उन्हाळ्याआधी गवत कापून एक पट्टा जाळून ठेवायचा, म्हणजे पुढे लागलेली आग तिथं अडते. आठवतं ते सगळं स्वप्नासारखं... सागाची पानं गळताहेत, पळस फुललाय, आणि मावशी एक वाळकं पान कानाशी धरून मुठीत चुरते आहे. "ऐक. माघ हाय अजून, अन् आवाज चैताचा येऊन राहिला." पावसाळ्यात छातीइतकं वाढलेलं गवत, हिवाळ्यात एक थेंब नाही, ओढे लवकर आटलेले, मध्ये रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं माजलेली. असं साल आलं की मावशी हसायची कमी.

मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळत. काळ्या भुईवर पिवळी फुलं चटकन दिसतात. मावशी मात्र झाडून काढायची. शेजारच्या वच्छलाबाई हसायच्या, "कौसल्ये, जंगलाले अंगण समजतं का वं तू?" "तुह्या अंगणापेक्षा तं साफच हाय!"

मी एकोणीस वर्षांची, सुरतेत लग्न ठरलेलं. त्या दिवसांत मावशी तापानं पडली आणि पहाटे मी एकटीच मोहाला गेले. पाला घोट्याच्या वर. मला परतायची घाई... काडी लावली. वारा नव्हता, मग आला. आग पाल्यावरून रायमुनियात शिरली, तिथून टेकडी चढू लागली, आणि मी नुसती बघत राहिले. इतकी सुंदर दिसत होती, हे सांगायची आजही लाज वाटते. तीन दिवस गावातली माणसं हिरव्या फांद्यांनी ती झोडपत होती.

चौथ्या दिवशी जंगलाचे गार्ड आले. तिथं प्रत्येक घराचे मोह ठरलेले असतात. "कौसल्याबाई, झाड तुमचं. आग कोणं लावली?" मावशीनं माझ्याकडे बघितलंही नाही. "मीनं."

जाळरेषेचं काम गेलं. मी रडले, तर म्हणाली, "तुह्यं लग्न मोडन पोरी. माह्यं काय, चार दिवस बोलतील." लोक बारा वर्षं बोलले. रेषावाल्या बाईनंच डोंगर जाळला म्हणून. सगळ्यांत जास्त वच्छलाबाई. मी फोनवर विचारायचे, मावशी, सांगू का आता? "काहून? जेवली का तू?"

तिच्या पुण्यानुमोदनाला, मरणानंतरच्या वंदनेला, बाया जमल्या, तेव्हा मी सांगून टाकलं. वच्छलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मालूम हाय वं. त्या पहाटे तिच्या कपाळावर पट्ट्या मीच ठेवून राहिली होती. ते कवा गेली जंगलात?"

"मग इतकी वर्षं तिला का बोललात?"

"मी न बोलती तं बाकीच्याइले खरं वाटलं असतं का? कौसल्याच हसायची माह्यावर. म्हणे, आज जरा कमी बोलली तू..."

संध्याकाळी मी मावशीच्या खोलीत बसले. डोंगराच्या बाजूला एक लहानशी खिडकी आहे, तिच्या चौकटीचं लाकूड कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालंय. मीही कोपर टेकले. बाहेर गवत वाळून उभं होतं, वारा सुटला होता. डोंगर हळूहळू काळा होत गेला... मी तो पार दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.