शेवंतीइतका अंधार

अंधारमावशींची आणि माझी ओळख रंगाच्या एका रिकाम्या डब्यामुळे झाली. मी त्या वेळी वस्तीबाहेरच्या फुलांच्या नर्सरीत फाटकावर पहारेकरी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. फाटकावर मालकांनी एक मोठा दिवा लावलेला होता. एका संध्याकाळी एक बुटक्या, रुंद बाई खांद्यावर शिडी घेऊन आल्या, माझ्याकडे न पाहता वर चढल्या, आणि तो डबा दिव्यावर टोपीसारखा बसवून खाली उतरल्या. त्यानंतर दिव्याचा उजेड फक्त माझ्या पायांवर पडू लागला.

“बाई, चोर आला तर मला दिसणार कसा?” मी विचारले.

“पाय दिसतील की,” त्या म्हणाल्या. “चोराला पाय असतात.”

मग त्यांनी मला कारण सांगितले. शेवंतीला कळी धरायची असेल तर लांबलचक रात्र लागते. उन्हाळ्यात रात्री आखूड असतात. म्हणून दिवस मावळण्याआधीच वाफ्यांवरच्या कमानींवरून जाड काळे कापड ओढून तिला खोटी रात्र द्यावी लागते, आणि सकाळी ते उशिरा काढावे लागते. मध्येच कुठून उजेड शिरला तर शेवंतीचा समज होतो की दिवस अजून मोठेच आहेत, आणि ती नुसती पाने वाढवत बसते. फाटकाजवळचा वाफा असाच पालेभाजीसारखा माजला होता.

“फसवायचं तर पुरतं फसवावं लागतं,” त्या म्हणाल्या. “अर्धवट फसवलेली शेवंती आणि अर्धवट फसवलेला नवरा, दोन्ही डोक्याला ताप.”

काळी कापडे ओढण्याचे काम त्यांच्याकडे होते, म्हणून नर्सरीत सगळे त्यांना अंधारमावशी म्हणत. वयाने त्या माझ्याहून लहान आहेत. तरीही सगळे म्हणतात म्हणून मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला दादा म्हणतात. हे नाते कोणत्याही बाजूने जुळत नाही, परंतु आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

मला लिहिता येऊ लागले ते म्हातारपणी, प्रौढ वर्गात. ओळखीच्या एखाद्या व्यक्तीविषयी लिहावे असे वर्गात सांगण्यात आले, तेव्हा बहुतेकांनी आपापल्या आईविषयी लिहिले. मी मावशींची परवानगी मागितली. “खरं तेच लिहा,” त्या म्हणाल्या, “फक्त माझं वजन लिहू नका.” सबब ते लिहिलेले नाही.

मावशींचे यजमान निवृत्त बसचालक. स्वभावाने शांत, बोलणे मोजके. घर लहान: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि या सर्वांना जोडणारा एक अरुंद बोळ. या घरात मावशींची धाकटी बहीण राहायला आली. तिलाही सर्व जण धाकटी म्हणत, म्हणून मीही तसेच लिहितो. धाकटीने टपाल छाटणीच्या कचेरीत अनेक वर्षे रात्रपाळी केली होती. पांढऱ्याफटक नळीदिव्यांखाली उभे राहून ती पत्रे कप्प्यांत टाकत असे. माणूस पाहिला की त्यालाही ती लगेच एका कप्प्यात टाकून मोकळी होई. मला तिने पहिल्या भेटीतच “पत्ता अपुरा” या कप्प्यात टाकले.

तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही पूर्ण झाले, आणि आता नियमित तपासणीखेरीज काही करायचे नाही असे तिला सांगण्यात आले. धाकटीला या गोष्टीचा आनंद झाला. मावशींना मात्र काही करायचे नाही ही सूचनाच मान्य नव्हती. त्यांनी आयुष्यात कोणतेही रोप नुसते बघत बसून वाढवलेले नाही.

अशातच एक तरुण डॉक्टर नर्सरीतील कामगारांची तपासणी करण्यासाठी आले आणि तपासणीनंतर पॅकिंगच्या शेडमध्ये थोडे बोलले. मी दारापाशी उभा होतो. ते काय म्हणाले ते मी जसे ऐकले तसे लिहितो. अंधार पडला की मेंदूत एक द्रव्य तयार होते आणि त्यावरून शरीराला रात्र झाल्याचे कळते. रात्री प्रखर उजेडात राहिले की ते द्रव्य कमी पडते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे जास्त असावे असे काही अभ्यासांत आढळले आहे, काही अभ्यासांत तसे आढळलेले नाही. संशय घेण्यास जागा आहे, खात्री कोणीही देऊ शकत नाही.

मावशींनी हात वर केला. “म्हणजे शेवंतीसारखंच की.”

डॉक्टर सभ्य होते. “हो, थोडंफार तसंच,” ते म्हणाले.

त्या एका सभ्यपणामुळे मावशींच्या घरादाराची वाताहत झाली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुकादमाकडून विरलेली काळी कापडे मागून घेतली. धाकटीच्या खोलीच्या खिडकीवर दुहेरी कापड लागले, दाराच्या फटीत बोळा बसला. त्यानंतर बोळातला दिवा गेला, कारण त्याचा उजेड फटीतून वाकून आत येतो असे मावशींचे मत होते. आकडे चमकणाऱ्या घड्याळाला उशीच्या अभ्र्यात घातले. शेवटी फ्रिज उघडला की आतला दिवा लागतो हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी तोही काढून ठेवला.

याचा पहिला फटका यजमानांना बसला. संध्याकाळी त्यांनी फ्रिजमधून चाचपडत दह्याचे भांडे काढले, भाकरीशी खाल्ले, आणि आज दही जरा चिकट लागले एवढेच म्हणाले. ते दही नव्हते. बोळ्यासाठी कागद चिकटवायला मावशींनी केलेली खळ होती.

“भावोजी, आता काही दिवस शिंकू नका,” धाकटी म्हणाली. “पाकीट बंद होईल.”

अंधारात माणसे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून यजमानांनी स्वतःची व्यवस्था केली. बोळाच्या वळणावर आले की ते तोंडाने “पों” असा आवाज करीत आणि मग वळत. एका संध्याकाळी मी मावशींची विसरलेली कात्री द्यायला गेलो, तेव्हा दारातच मला तो आवाज ऐकू आला. काय करावे ते न कळल्यामुळे मीही “पों” म्हणालो.

“बाजू कोणती घेताय?” आतून यजमानांनी विचारले.

“डावी,” मी म्हणालो.

“या मग.”

मला चहा मिळाला. कप हातात मिळाला, बशी मात्र शेवटपर्यंत सापडली नाही. धाकटी कुठल्यातरी कोपऱ्यातून म्हणाली, “दादा, बघा आमच्या ताईने आयुष्यात काय उजेड पाडलाय ते.”

“तू बोलू नकोस. तुझी झोपायची वेळ झाली,” मावशी म्हणाल्या.

“बाहेर पोरं खेळतायत, ताई.”

“त्यांना खेळू दे. त्यांना काही झालेलं नाही.”

मी उरलेला चहा अंदाजाने संपवला.

धाकटीला झोप मात्र लागेना. सकाळी तिचे डोळे सुजलेले असत. मावशींनी त्याचा अर्थ असा काढला की अजून कुठूनतरी उजेड गळतो आहे, आणि त्यांनी दुहेरी कापड तिहेरी केले.

पुढच्या तपासणीला डॉक्टर आले तेव्हा मावशी धाकटीला हाताला धरून शेडमध्ये घेऊन आल्या.

“साहेब, हिला अंधार किती द्यायचा ते सांगा. शेवंतीचं माप मला ठाऊक आहे, माणसाचं नाही.”

“असं ठरलेलं माप नाही, मावशी. वेळेवर झोपायचं, झोपताना खोलीत मंद किंवा बंद दिवा ठेवायचा, एवढं पुरे.”

“मंद म्हणजे फाटकावरच्या डब्यातल्या दिव्याएवढा?”

डॉक्टरांनी फाटकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. “त्याहूनही कमी,” ते म्हणाले. “जमिनीलगत एक छोटासा पिवळसर दिवा ठेवला तर रात्री उठताना पडणार नाहीत. आणि हे बघा, यांचा आजार रात्रपाळीमुळेच झाला असं मी म्हटलेलं नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही.”

“मग परत होणार नाही असं तरी सांगा.”

“तेही सांगता येत नाही.”

“शेती खात्याचा माणूस बरा,” मावशी मला म्हणाल्या, डॉक्टरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “तो चुकतो, पण सांगतो तरी.” छोट्या दिव्याचा विषय त्यांनी तिथेच संपवला. शेवंतीला ओढलेली काडीसुद्धा कळते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऊन उतरत असताना, धाकटी हातात बॅग घेऊन फाटकावर आली. बसथांबा फाटकासमोरच आहे. तिने माझ्या खुर्चीशेजारी बॅग ठेवली आणि म्हणाली, “घरी जाते, दादा. माझ्या खोलीला कुलूप आहे, पण खिडकी आहे.”

मी पहारेकरी असल्यामुळे माझे काम लोकांना आत येऊ न देण्याचे होते. बाहेर जाणाऱ्याला कसे अडवावे हे मला कोणी शिकवलेले नव्हते. मी वाफ्यांच्या दिशेने शिट्टी वाजवली.

मावशी हातातले कापड तसेच टाकून धावत आल्या. मागून, घरून निघालेले यजमानही आले. धाकटी न सांगता निघाल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते.

“कुठे निघालीस?” मावशींनी विचारले. “तिथे कोण आहे तुझं?”

“दिवा आहे.”

“तुझ्या भल्यासाठी करतेय मी हे सगळं.”

“ते मला कळतं. पण ताई, तुझी ही काळी कापडं ज्यांच्यावर पडतात त्यांचं पुढे काय होतं?”

“फुलतात.”

“आणि मग?”

मावशींनी वाफ्यांकडे पाहिले. कळी फुटली की शेवंती कापतात आणि खोक्यात भरून बाजारात पाठवतात, हे नर्सरीत सर्वांनाच माहीत होते.

“मला फुलायची घाई नाही,” धाकटी म्हणाली. “मला आपली नुसती पानं वाढवत बसू दे.”

मावशी फाटकाच्या दगडावर बसल्या. त्यांना मी काम सोडून बसलेले प्रथमच पाहिले. त्या म्हणाल्या, “मला दुसरं काही येत नाही गं. डॉक्टरकी येत नाही, तुझ्यासारखं चार शब्द बोलता येत नाही. अंधार करता येतो, तेवढा केला. तू गेलीस तर मी कोणाशी भांडू?”

धाकटी त्यांच्या शेजारी बसली. तिचे बोलणे एरवी कात्रीसारखे चाले, ते आता अडखळू लागले. दवाखान्यात रात्रभर दिवा चालू असे, ती म्हणाली. जाग आली की ती आधी स्वतःचे हात बघे. हात दिसले की आपण आहोत अशी खात्री होई आणि परत झोप लागे. मावशींच्या त्या तिहेरी अंधारात जाग आली की हात दिसत नाहीत. मग ती सकाळपर्यंत एकेक बोट चाचपत बसे.

“मग हाक मारायचीस,” मावशी म्हणाल्या.

“कशी मारू? पलीकडच्या खोलीत तू घोरत असतेस. हाकेला जागा कुठे मिळते?”

“घोरतात ते हे,” मावशींनी यजमानांकडे बोट दाखवले.

“दोघंही,” यजमान म्हणाले. “आळीपाळीने.”

इतक्यात बस आली आणि थांबली. वाहकाने बॅगेकडे पाहिले. मावशींनी धाकटीचा हात धरला होता, आणि धाकटीने तो सोडवून घेतला नव्हता. यजमान दोन पावले पुढे झाले, त्यांनी बसच्या पत्र्यावर सराईतपणे दोन थापा मारल्या आणि म्हणाले, “जाऊ द्या. पॅसेंजर नाही.”

बस गेली. बॅग उचलून यजमान पुढे निघाले.

त्या दिवसानंतर मावशींच्या घरात पुष्कळ बदल झाले. फ्रिजला दिवा परत मिळाला. खिडकीवरचे कापड एकेरी झाले आणि धाकटीला हवे तेव्हा ते सरकवता येऊ लागले. जमिनीलगतचा छोटा दिवाही आला, परंतु त्यावर मावशींनी औषधाच्या बाटलीचे झाकण बसवले आहे, त्यामुळे तो कोणाला दिसतो याविषयी मतभेद आहेत. यजमान अजूनही वळणावर “पों” म्हणतात. आता गरज नाही असे सांगितल्यावर ते म्हणाले, सवय लागायला वर्षे गेली होती, ती नोकरीबरोबर सुटली होती, आता परत लागली आहे तर राहू द्या.

मावशी स्वतः धाकटीच्या खोलीत झोपू लागल्या. जाग आली की धाकटी हात पुढे करते, तो दुसऱ्या हाताला लागतो. घोरण्याची तक्रार ती अजून करते. ज्या दिवशी घोरणे ऐकू येत नाही त्या दिवशी जास्त करते. तिच्या पुढच्या तपासणीचे कागद नर्सरीत येणाऱ्या डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले. ते अंधारामुळे, औषधामुळे की भांडणामुळे, हे मावशींनी त्यांना विचारले. डॉक्टर या वेळी हो किंवा नाही यांपैकी काहीच म्हणाले नाहीत, फक्त हसले.

त्याच आठवड्यात मावशी फाटकावर आल्या. शेवंतीचा नवा वाफा लावून झाला होता आणि कापडे ओढायची वेळ जवळ आली होती. त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या:

“दादा, संध्याकाळची कापडं यापुढे तुम्ही ओढाल का? धाकटी अजून दिवेलागणीलाच आडवी होते, आणि मी शेजारी नसले की तिला झोप लागत नाही.”