आप्पांना घेऊन हैदराबादला

जालना स्टेशनावर आम्ही तिघं सामानाजवळ उभे होतो. माझ्या ताब्यात पेटी, धाकटा भाऊ शांतवन याच्याकडे तबला-डग्गा, आणि त्याची बायको एस्तेर झांजा व गाण्यांच्या पुस्तिकांची पिशवी धरून. आप्पा, म्हणजे आमचे वडील, दहा पावलं पलीकडच्या बाकावर बसले होते. कुणी विचारलं असतं तर आमची ओळख नाही म्हणाले असते.

आमच्या घराचं भजनी मंडळ आजोबांपासूनचं. आजोबा सुवार्तिक होते, म्हणजे गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगणारे. सांगण्यापेक्षा गायचे जास्त. त्यांच्यानंतर आप्पांनी चाळीसेक वर्षं मंडळ पुढे नेलं. मराठवाड्यातल्या ज्या ज्या मंडळीत (ख्रिस्ती समाज आपल्या उपासक समूहाला मंडळी म्हणतो) आम्ही गेलो, तिथे लोक आप्पांच्या आवाजासाठी यायचे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, गळा गेला. बोलता येतं, पण लाकडावर करवत चालावी तसं. तेव्हापासून त्यांनी आमच्यात बसणं सोडलं. देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतात आणि शेवटचा आशीर्वाद होताच चपला शोधतात.

हैदराबादचं बोलावणं रत्नाकरकाकांचं. आप्पांचे तरुणपणापासूनचे मित्र, नोकरीनिमित्त तिकडे गेले ते तिकडचेच झाले. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन उपासना ठरल्या होत्या. आप्पा मित्राला भेटायला म्हणून निघाले, गाण्याशी आपला संबंध नाही हे त्यांनी दोनदा बजावलं. मी मात्र ठरवून निघाले होते, की परत येईपर्यंत आप्पांना पुन्हा आमच्यात बसवायचं. कसं, ते ठाऊक नव्हतं. शाळेत इतकी वर्षं शिकवल्यामुळे आधी ठरवायचं आणि मग मार्ग शोधायचा ही सवय लागली आहे.

सकाळी काचीगुडा स्टेशनावर उतरलो. पांढऱ्या घुमटांची ती इमारत पाहायला मी थांबले, तेवढ्यात शांतवनने रिक्षा ठरवूनही टाकली. पेटी पाहून रिक्षावाल्याने विचारलं, कव्वाली का? शांतवन म्हणाला, हौ (हो), तसंच समजा. मग बरकतपुऱ्यापर्यंत त्याने आम्हाला आपल्या मामांच्या कव्वालीचे किस्से ऐकवले. आप्पा पुढे त्याच्या शेजारी बसले होते. ते सगळं लक्ष देऊन ऐकत होते, हे मी मागून पाहिलं.

रत्नाकरकाकांच्या घरी काकूंनी खिचडी, खिमा आणि खट्टा (तीळ-चिंचेचं पातळ सार) असा नाश्ता मांडला होता. आमच्याकडे खिचडी रात्रीची, तीही पोट बिघडलं की. इथे ती सकाळी मानाने खातात. एस्तेरने तीन वेळा घेतली आणि तिसऱ्या वेळी खट्टा पांढऱ्या साडीवर सांडला. नेमकी कार्यक्रमाचीच साडी ती प्रवासात नेसून आली होती. काकूंनी आपली दिली, ती हिला आखूड झाली. तीन दिवस माझी भावजय घोटे दाखवत झांजा वाजवत होती.

शुक्रवारी संध्याकाळी दिलसुखनगरला एका घरी प्रार्थना होती. खाली कोचिंग क्लास, त्यातून पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींचा लोंढा बाहेर पडत होता, आणि आम्ही त्या लोंढ्याच्या उलट दिशेने पेटी डोक्यावर धरून तिसऱ्या मजल्याचा जिना चढत होतो. घर परभणीकडच्या कुटुंबाचं. आजी-आजोबा पन्नास वर्षांपूर्वी आलेले, नातवंडं इथलीच. तीसेक माणसं जमली, त्यांत निम्मी तरुण. शांतवनने जालन्यात खास छापून आणलेल्या पुस्तिका वाटल्या. म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून अक्षर मोठं ठेवलं होतं.

आम्ही गात राहिलो. म्हातारी माणसं गुणगुणली, तरुणांनी पुस्तिका मांडीवर धरून ठेवल्या आणि ती आमच्याकडे पाहून गोड हसत राहिली. टाळ्या भरपूर मिळाल्या. आमच्यात टाळ्या मिळणं ही काही चांगली खूण नव्हे. भजनात मंडळीने म्हणायचं असतं, आणि जी म्हणते तिचे हात टाळ्यांना मोकळे नसतात. जेवताना मी घरच्या नातीला, प्रिसिलाला विचारलं, की गाणी आवडली नाहीत का? बँकेत काम करणारी हुशार मुलगी. ती ओशाळून म्हणाली, "आवडली ना आंटी. मराठी समजतं, बोलतो बी घरी. वाचायचं म्हटलं की परेशान होतं. शाळेत तेलुगू होतं आम्हाला."

दोनशे पुस्तिका आम्ही जालन्याहून वाहून आणल्या होत्या. मराठी बोलणाऱ्याला मराठी वाचता येणार नाही, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी गौलीगुड्यातल्या लहानशा देवळात दुसरी उपासना होती. बस स्टँडचे कर्णे आत ऐकू येत होते. एस्तेर आणि प्रिसिला यांनी सकाळभर बसून सगळी गाणी इंग्रजी अक्षरांत टाइप केली आणि पडद्यावर दाखवली. आम्ही खुशीत होतो. पण झालं असं, की मुलं पडद्यावरचं वाचायची, मग म्हणायची, आणि अर्धी ओळ मागे राहायची. शांतवनने त्यांच्यासाठी ठेका हळू केला. ठेका हळू झाला म्हणून ती आणखी हळू झाली. आजोबांनी रचलेलं, नाचायला लावणारं भजन शेवटी अंत्ययात्रेत म्हणावं तसं वाजलं. मला हसू येत होतं आणि रडूही. दाराजवळ आप्पा डोळे मिटून बसले होते.

नंतर रत्नाकरकाका आम्हाला जवळच्या इराणी हॉटेलात घेऊन गेले. दाट चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली, आणि प्रवासाला निघाल्यापासून आप्पा पहिल्यांदाच गाण्याबद्दल बोलले. वाचत गातं का कुणी, म्हणाले. आजोबांच्या मंडळीत वाचता येणारी दोनच माणसं होती, एक आजोबा आणि दुसरा पोस्टमन, तरी सगळं गाव गायचं. कारण आजोबा ओळ द्यायचे. एक ओळ गाऊन संपत आली, की श्वास घ्यायच्या जागेत पुढची ओळ बोलून टाकायची. सुरात नाही, नुसती बोलून, पटकन, ठेका न मोडता. मंडळी ती उचलते. आप्पांनी टेबलावर बोटांनी ठेका धरून ती जागा दाखवलीसुद्धा.

मी म्हटलं, मग उद्या तुम्हीच द्या ओळ.

आप्पांची बोटं थांबली. "या आवाजात? देवळात?"

"सुरात नाही म्हणालात ना आत्ताच."

"नको."

मी गप्प बसायला हवं होतं. मला ते जमत नाही. "आवाज देवाने दिला होता, माझा नाही, असं तुम्हीच आयुष्यभर सांगत आलात. मग त्याने परत घेतला तर हा रुसवा कुणावर?"

शांतवन बशीत पाहू लागला. आप्पा उठले आणि अर्धा चहा टाकून बाहेर गेले. रत्नाकरकाका त्यांच्यामागे गेले. मला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. पण मी माफी मागितली नाही, कारण बोलले ते खोटं नव्हतं.

रविवारी मोठं देऊळ. आधी तेलुगू उपासना, मग आमची. चपला बाहेर, आत सतरंज्या, बायकांच्या डोक्यावर पदर, आणि निघता निघता तेलुगू मंडळी आम्हाला हात जोडून "वंदनालु" (नमस्कार) म्हणत होती. आम्ही आपला मराठी ख्रिस्ती रिवाजाचा "सलाम" केला. आप्पा आले, पण दाराजवळ बसले. कालपासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

मी ठरवलं होतं, पुस्तिका नाहीत, पडदा नाही, ओळ मी देणार. आजोबांचं विहिरीवरचं भजन सुरू केलं, बायबलातल्या शोमरोनी बाईकडे प्रभूने पाणी मागितलं ते.

भर दुपारी विहिरीवर बसला माझा प्रभू,
पाणी मागतो तहानेला, पाणी देणारा प्रभू.

धृपद सोपं, सगळ्यांनी उचललं. कडव्यात मी फसले. हात पेटीवर, गळा गाण्यात, आणि श्वासाच्या जागेत ओळ बोलायची म्हणजे मला श्वासच उरेना. पहिली ओळ उशिरा पडली, दुसरी गाण्यावर आदळली. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. तिसऱ्या ओळीला मी भाता सोडला आणि गाणं थांबवलं. आमच्या घरात सुरू झालेलं भजन मध्येच थांबवलेलं मी कधी पाहिलं नाही. लहानपणी एकदा वादळात छपराचा पत्रा उडाला होता, तेव्हाही आप्पा गात होते.

मी मंडळीला सरळ सांगितलं, "मला हे जमत नाही. ज्यांना जमतं ते तिथे दाराजवळ बसले आहेत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आप्पा हलले नाहीत. खाली मान घालून ते सतरंजीकडे पाहत होते. मला वाटलं, संपलं, आता हे माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. शांतवनने मात्र ठेका सोडला नव्हता, हळू आवाजात धरून ठेवला होता. चार आवर्तनं गेली असतील. मग दाराकडून आवाज आला.

"घागर तिची रिकामी, सांगेना ती कुणाला."

आवाज वाईटच होता, खरखरीत, मध्ये तुटणारा. एक बाई दचकली. पण ओळ जिथे पडायला हवी तिथे पडली होती, आणि माझे हात आपोआप पेटीवर आले. मंडळीने ती ओळ उचलली. संपत आली, तशी पुढची आली. कुणाला काही वाचायचं नव्हतं, कुठे पाहायचं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला आप्पा उभे राहिले, तिसऱ्याला सतरंज्यांमधून पुढे आले आणि मुलांच्या मधोमध थांबले, एक हात वर करून. प्रिसिला त्यांच्या तोंडाकडे पाहत गात होती. शेवटचं कडवं मंडळीने तीनदा म्हटलं, त्यांनी तीनदा ओळी दिल्या. मी रडत होते, आणि पेटीवर दोन सूर चुकले.

ते आमच्यात येऊन बसले नाहीतच. मी ठरवलेलं झालं नाही. त्यांनी आपली जागा मंडळीत शोधली, आम्ही त्यांच्यासमोर बसून वाजवत होतो.

परतीची गाडी सोमवारी दुपारी सिकंदराबादहून होती. काकूंनी बगारा भात (खड्या मसाल्याचा फोडणीचा भात) बांधून दिला. रत्नाकरकाका स्टेशनावर आप्पांचा हात सोडत नव्हते. पुढच्या वर्षी येण्याचं वचन त्यांनी आमच्याकडून नाही, आप्पांकडून घेतलं.

नांदेड गेलं, परभणी गेलं. बाहेर अंधार पडला. आप्पा अजून माझ्याशी बोलले नव्हते. मीही खिडकीतून बाहेर पाहत विचार करत होते. या दीड वर्षात आम्ही त्यांना जपलं, समजावलं, त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या. काम मात्र कुणी दिलं नव्हतं. आपल्या माणसाचं काही गेलं, की आपण गेलेल्या गोष्टीशीच बोलत बसतो. उरलेल्या माणसाकडे पाहायचं राहून जातं.

सेलूच्या आसपास आप्पांनी मला हाक मारली. तू पेटी अजून काळी एकमध्ये का वाजवतेस, असं विचारलं. ती त्यांची पट्टी, त्यांच्या गळ्याचा मूळ सूर. मी, एस्तेर, कुणालाच ती झेपत नाही, खाली आवाज बुडतो, वर चिरकतो. तरी दीड वर्ष मी ती बदलली नव्हती. बदलली तर ते येणार नाहीत हे मान्य केल्यासारखं झालं असतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनाही काय सांगणार? मी म्हटलं, तुमची पट्टी आहे ना.

"मला आता पट्टी लागत नाही," आप्पा म्हणाले. "तू काळी चार घे. तुझा गळा तिथे आहे."

समोरच्या बाकावरच्या कुटुंबाची मी परवानगी मागितली आणि पेटी मांडीवर घेतली. काळी चारचा षड्ज धरला आणि तोंड उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आवाज न ओढता निघाला. गाडी परतूर सोडत होती. ओळ संपत आली आणि शेजारून, श्वासाच्या नेमक्या जागेत, आप्पांनी पुढची दिली.