मॅकफेल बाईंची खिडकी

इशबेल रेनी पोटासाठी काय करते, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. जे अजून बांधलंच नाही, ते कुठून किती दिसेल, हे ठरवायचं तिचं काम. आमच्या गावी, डनॅरोला, ती वसंतात आली आणि माझ्या खानावळीच्या वरच्या खोलीत उतरली. तळ्यापलीकडच्या सपाटीवर एका कंपनीला लाकडाच्या भुशावर चालणारं वीजकेंद्र उभारायचं होतं. त्याची धुराची उंच चिमणी गावाच्या डोळ्यांना किती खुपेल, याचा अहवाल इशबेल लिहिणार होती.

रोज सकाळी लापशी खाऊन ती तिपाई खांद्यावर टाकून निघायची. चर्चच्या पायऱ्यांवर, शाळेच्या फाटकाशी, बसथांब्यावर कॅमेरा लावायची.

"नसलेल्या गोष्टीचे फोटो काढायचा पगार मिळतो?" पोस्टमन गिलीज तिला म्हणाला. "मग मीही उद्यापासून न आलेली पत्रं वाटतो."

"वाट की," ती म्हणाली. "निदान कुत्री तरी मागे लागणार नाहीत."

गावातलं सगळ्यात उंचावरचं घर ख्रिस्टीना मॅकफेल यांचं. चिमणीला पहिली हरकत त्यांचीच होती, आणि त्यांच्या मागोमाग अर्ध्या गावाची. इशबेल त्यांच्याकडे गेली तेव्हा मीही पाव द्यायला तिथे गेले होते.

"बाई, भांडी घासताना तुम्ही नेमक्या कुठे उभ्या राहता?"

"मोरीपाशी. दुसरीकडे कुठे घासतात का तुमच्याकडे?"

इशबेल मोरीपाशी उभी राहिली आणि खिडकीतून बराच वेळ बघत राहिली. समोर, रस्त्याच्या खालच्या अंगाला, स्प्रूसच्या उंच सूचिपर्णी झाडांचं काळपट रान भिंतीसारखं उभं होतं. सरकारने लावलेलं ते रान बाईंच्या लग्नाच्या सुमाराचं.

"इथून तुम्हाला काही दिसणार नाही," ती म्हणाली. "चिमणी झाडांच्या पुष्कळ खाली राहते. मी शब्द देते."

बाईंनी तो शब्द धरला आणि आपली हरकत मागे घेतली. त्यांच्या पाठोपाठ बाकीच्यांनीही घेतली. अहवालात इशबेलने लिहिलं की गावातून वीजकेंद्र दिसत नाही, आणि गावाचा देखावा मुळातच रानाने बंद केलेला, साधारण आहे.

आमच्याकडचा वारा कायम नैर्ऋत्येचा. झाडं त्याच वाऱ्याला पाठ देऊन वाढलेली. नोव्हेंबरात एका रात्री तो ईशान्येकडून वादळ होऊन सुटला. सकाळी मी दार उघडलं आणि आधी मला कळेचना की काय बदललंय. उजेड फार होता. घरात, जिन्यावर, कधी न पडलेल्या ठिकाणी उजेड पडला होता. मग मी खाली पाहिलं. रान नव्हतंच. सगळी झाडं मुळांसकट उलथून एकाच दिशेला आडवी झाली होती, आणि त्यांच्या पलीकडे तळं होतं. शेजारीपाजारी एकेक जण बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिला. गिलीजने टोपी काढून हातात धरली, मयतीला धरतात तशी.

अहवाल देऊन परत गेलेली इशबेल रस्ते मोकळे झाल्यावर आली. गाडीतून उतरली आणि गाडीचं दार धरून तशीच उभी राहिली.

"मी शब्द दिला होता गं," ती मला म्हणाली. "झाडांच्या भरवशावर."

मी तिच्यासोबत मॅकफेल बाईंकडे गेले. बाई मोरीपाशीच होत्या. नळ चालू, हात ओले, नजर बाहेर.

"ये पोरी. गेली तुझी झाडं."

"बाई, माझं चुकलं..."

"थांब. आधी बघ." त्यांनी तिला हाताला धरून पुढे ओढलं. "चाळीसेक वर्षं झाली, हे पाणी मी पाहिलं नव्हतं. नवी नवरी होऊन आले तेव्हा हेच बघत भांडी घासायची. मग ती झाडं वाढली, आणि मी विसरूनच गेले की मागे तळं आहे. माणूस असं कसं विसरतं?" त्या खाली बसल्या. "आणि आता याच्या मधोमध तुमची चिमणी येणार."

इशबेलने साधारण म्हणून लिहिलेला देखावा आता तालुक्यात दुसरीकडे कुठे मिळाला नसता.

कंपनीच्या साहेबाने तिला फोनवर सांगितलं की पाहणी झाली तेव्हा झाडं उभी होती, म्हणून अहवाल खरा आहे, तो तसाच राहू दे. माझ्या स्वयंपाकघरातच बोलणं झालं. ती एवढंच म्हणाली, "मग माझं नाव काढा त्याच्यावरून." नंतर परवानगी देणाऱ्या नियोजन कचेरीला तिने स्वतः कळवलं की अहवाल मागे घेतेय, आणि चिमणीच्या उंचीएवढ्या दोरीवर फुगा सोडून ती उंची गावाला दाखवावी.

फुगा सोडला तो दिवस निवांत आणि स्वच्छ होता. बाईंच्या अंगणात सगळं गाव जमलं. तळ्यापलीकडून लाल फुगा निघाला. सपाटीच्या वर आला, मागच्या टेकडीच्या कडेपाशी पोचला. आता थांबेल असं वाटलं. तो टेकडी ओलांडून आभाळात चढतच राहिला. कागदावरची उंची आम्ही सगळ्यांनी वाचली होती, पण ती एवढी असते हे कुणालाच माहीत नव्हतं. शेजारी इशबेल होती. इतकी वर्षं हेच काम करूनही तिचा हात तोंडावर गेला होता.

"मी आकडे लिहिते," ती हळूच म्हणाली. "फक्त आकडे."

हरकती पुन्हा आल्या, आणि या वेळी कुणी मागे घेतल्या नाहीत. कंपनीने जागा बदलली. वीजकेंद्र डोंगरापलीकडच्या जुन्या दगडखाणीत गेलं. तिथली पाहणीही इशबेलनेच केली, कचेरीने तिचंच नाव सुचवलं म्हणून. खाणीसमोर एकच घर आहे, बकन कुटुंबाचं. त्यांच्या खिडकीतून चिमणी पायापासून टोकापर्यंत दिसते. परिणाम फार मोठा, असं तिने स्वच्छ लिहिलं. तरी परवानगी मिळाली, कारण घर एकच होतं. त्याआधी, अहवाल छापून येण्यापूर्वीच, ती स्वतः त्यांना सांगायला गेली होती. बकनने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.